ऑर्डर स्वीकारली आहे

गांधीबागेतल्या त्या कापडाच्या ठोक दुकानात मी पहिल्यांदा गेले, तेव्हा शेठजी मोबाइल समोर धरून बसले होते आणि स्क्रीनवर एक गोल चकती फिरत होती.

"देखो मॅडम," ते म्हणाले, "उमरेडच्या दुकानदाराने ऑर्डर टाकली, तेव्हापासून हे फिरूनच राहिलं. तो तिकडे बसला, मी इकडे बसलो. धंदा करायचा का ह्याचा नाच पाहायचा?"

ते अॅप आधी दुसऱ्याच कोणीतरी करून दिलेलं होतं. गावोगावचे छोटे दुकानदार त्यावरून कापड मागवायचे. ऑर्डर शेठजींच्या कॉम्प्युटरवरून थेट बुटीबोरीच्या मिलच्या कॉम्प्युटरकडे जायची आणि तिथून उत्तर येईपर्यंत सगळे थांबून राहायचे. मिलचा कॉम्प्युटर जुना. सीझनमध्ये तो कधी उत्तर देईल याचा नेम नसायचा. मग दुकानदार कंटाळून पुन्हा बटण दाबायचा आणि एकाच मालाच्या दोन ऑर्डरी पडायच्या.

हे काम आमच्या कंपनीकडे आलं आणि सरांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, ते आम्हा दोघींना दिलं. कंपनी लहानच होती, एका इमारतीचा एक मजला. दोघी म्हणजे मी आणि माझी मैत्रीण. इंजिनिअरिंगला आम्ही एका बाकावर बसायचो. मी तालुक्याच्या गावातून आलेली, होस्टेलवर राहणारी. तिचं घर प्रताप नगरात. रविवारी ती मला घरी न्यायची आणि तिची आई, म्हणजे काकू, मला पाटोडीची भाजी वाढताना कधी हात आखडता घ्यायची नाही. ही नोकरीही मला तिच्यामुळेच लागली. ती आधी लागली होती, आणि माझा बायोडाटा तिनेच सरांच्या टेबलावर नेऊन ठेवला होता. हे सांगायलाच हवं. ते नाही सांगितलं तर पुढचं सगळं सोपं वाटेल, आणि ते तसं नव्हतं.

उपाय मला लवकर सुचला, कारण तो काही माझा शोध नव्हता. जगभर अशी कामं तशीच करतात. ऑर्डर आली की आधी ती आपण आपल्याकडे ठेवून घ्यायची, दुकानदाराला तिथल्या तिथे 'ऑर्डर स्वीकारली आहे' असं सांगून मोकळं करायचं, आणि मग मागच्या बाजूने, मिलला झेपेल तशी, एकेक ऑर्डर पुढे द्यायची. मिलचं उत्तर आलं की दुकानदाराला वेगळा निरोप. कोणी कोणासाठी अडकून बसायचं नाही. शेठजींना मी दवाखान्याचं उदाहरण दिलं. कंपाउंडरकडे नाव लिहिलं की आपण बाजारात जाऊन येतो, नंबर आला की फोन येतो.

"और कंपाउंडर नावच विसरला तो?" शेठजींनी विचारलं.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न त्यांनीच विचारला होता. मी म्हणाले, "नाही विसरणार. ऑर्डर डिस्कवर लिहून झाल्याशिवाय आपण स्वीकारली म्हणायचंच नाही. एकदा हो म्हटलं की जबाबदारी आपली."

मैत्रिणीने बाहेर पडल्यावर मला चिडवलं. "तुह्या ह्या डिस्कपायी आपण म्हाताऱ्या होऊ वं." पण तिला ते पटलेलं होतं. मोबाइलवर दिसणारी बाजू तिने केली, मागची ऑर्डरींची रांग मी. शेठजींचा हट्ट होता की आपला माल आपल्याच दुकानात, तसा डेटाही आपल्याच दुकानात. म्हणून मशीन दुकानाच्या माळ्यावर ठेवलं होतं, कापडाच्या गठ्ठ्यांमध्ये. आम्ही दोघी त्या माळ्यावर पंखा लावून बसायचो. चाचणीसाठी ती भराभर ऑर्डरी टाकायची आणि मध्येच मशीनची वायर ओढायची. मी मशीन पुन्हा चालू करायचे. सगळ्या ऑर्डरी रांगेत जशाच्या तशा उभ्या. ती लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवायची. "एकबी नाही हरवली वं! एकबी नाही!"

ही टाळ्या वाजवणारी ती मला आजही स्पष्ट दिसते. डिस्कवर लिहिणं कशासाठी आहे हे तिला माझ्याइतकंच माहीत होतं.

सगळं तयार झालं आणि डेमोचा दिवस ठरला. पुण्याच्या एका मोठ्या कंपनीची माणसं ते शेठजींच्या दुकानात बघायला येणार होती; आवडलं तर त्यांचं मोठं काम आमच्याकडे येणार होतं. नेमकं तेव्हाच माझ्या वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. मी गावी गेले. डेमो मैत्रीण देणार होती. मला काळजी नव्हती, कारण बोलण्यात ती माझ्यापेक्षा कितीतरी सरस. दुपारी तिचा मेसेज आला, 'एक नंबर झालं. सगळे खूश.' वडिलांच्या डोळ्यावर हिरवी पट्टी होती. त्यांना मी तो मेसेज वाचून दाखवला. "दोघी मिळून केलं नं तुम्ही?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले.

परत आल्यावर मला एक गोष्ट जाणवली. ऑर्डर स्वीकारली जायला पूर्वी जो किंचित वेळ लागायचा, तो आता लागत नव्हता. बटण दाबलं की उत्तर हजर. मी तिला विचारलं, "हे इतकं फास्ट कसं झालं वं?"

"डिस्क नवीन लावली माळ्यावर," ती म्हणाली. "जुनी लई स्लो होती."

मी माळ्यावर चढून पाहिलं नाही. मैत्रीण सांगते आहे, तर कशाला पाहायचं?

जून आला. शाळेच्या गणवेशाच्या कापडाचे ते दिवस. ऊन अजून उतरलेलं नव्हतं, माळा भट्टीसारखा तापलेला. एका दुपारी बाजारातली लाइट गेली आणि उन्हाने मेलेल्या इन्व्हर्टरने मशीनला साथ दिली नाही. लाइट आली, मशीन आपोआप चालू झालं, सगळं ठीक दिसत होतं. शेठजींचा फोन आला तेव्हा मी त्यांना म्हणाले, "काळजी करू नका, ऑर्डरी सुरक्षित आहेत."

पुढच्या आठवड्यात दुकानदारांचे फोन सुरू झाले. माल आलाच नाही. शेठजींकडे त्यांच्या ऑर्डरींचा पत्ता नाही, मिलकडेही नाही. आणि प्रत्येक दुकानदार तेच सांगत होता, मोबाइलवर 'ऑर्डर स्वीकारली आहे' असं आलं होतं.

मला आधी विश्वासच बसला नाही. मी ऑफिसातच तशीच यंत्रणा उभी केली, माळ्यावरच्या मशीनवरची सगळी सेटिंग्ज तिच्यावर आणली, ऑर्डरी टाकल्या आणि वायर ओढली. पुन्हा चालू केलं. रांग रिकामी. एकही ऑर्डर नाही. मग शोधायला वेळ लागला नाही. डिस्कवर लिहायचं बंद केलेलं होतं. ऑर्डरी नुसत्या मशीनच्या तात्पुरत्या स्मरणात राहत होत्या. वीज गेली की स्मरण गेलं. म्हणूनच तो वेग होता. नवीन डिस्कबिस्क काही लावलीच नव्हती.

त्या मशीनला हात लावणाऱ्या आम्ही दोघीच होतो.

मी तिला खाली चहाच्या टपरीवर नेलं. काही बोलायच्या आधीच तिने माझा चेहरा पाहिला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"डेमोत एकदम ढीगभर ऑर्डरी टाकल्या, त अटकून राहिलं होतं वं," ती म्हणाली. "सगळे माह्याकडे पाहून राहिले होते. मी ते बंद केलं. नंतर चालू करायचंच होतं, राहून गेलं."

"आणि नवीन डिस्क?"

ती म्हणाली, "भेव वाटलं तुले सांगायचं. तू किती मन लावून केलं होतं."

टपरीवाल्याने चहा आणून ठेवला, तो दोघींनीही घेतला नाही. उद्या सरांनी मीटिंग बोलावली होती, शेठजीही येणार होते. मी म्हणाले, "सरांना आत्ताच जाऊन सांगू."

"नको," तिने माझा हात धरला. "उद्या मीटिंगमध्ये मी स्वतः सांगतो. माह्याच तोंडून जाऊ दे. तू काही नको बोलू. एवढं करशील?"

मी हो म्हणाले. वर मीच तिची समजूत काढली. चुका सगळ्यांच्या होतात, सर समजून घेतील, असं बरंच काही बोलले. रुमालाने तिचे डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये आम्ही चौघंच होतो, सर, शेठजी, ती आणि मी. सरांनी विचारलं, "हे कसं झालं?"

मी तिच्याकडे पाहिलं. तिने पेनाचं टोपण काढलं, लावलं, आणि म्हणाली, "सर, ऑर्डरींच्या रांगेचं सगळं काम हिच्याकडे होतं. मी फक्त मोबाइलची बाजू बघत होते. त्यामुळे मला नक्की सांगता येणार नाही."

ती अगदी शुद्ध बोलली, छापल्यासारखं. माझ्या कानांना आधी तो आवाजच तिचा वाटला नाही. मी वाट पाहत राहिले. मला वाटलं, ही सुरुवात असेल, आता पुढे ती सांगेल. ती पुढे बोललीच नाही.

"डिस्कवर लिहायचं मी बंद केलं नव्हतं," मी म्हणाले. माझा आवाज मलाच बारीक वाटला.

"कोणी केलं हा आत्ता विषय नाही," सर म्हणाले. "काम तुझ्याकडे होतं. तू बघायला हवं होतं."

शेठजी माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "मॅडम, तुम्हीच तर म्हटलं होतं, हो म्हटलं की जबाबदारी आपली."

माझ्याजवळ उत्तर होतं, आणि ते उत्तर शेजारच्याच खुर्चीवर बसलं होतं. तिच्याकडे बोट दाखवायला काय लागतं? पण बोट उचललं गेलं नाही. काल जिचे डोळे पुसले, तिच्या अंगावर ओरडायला माणसाला थोडा वेळ लागतो. तेवढ्यात मीटिंग संपली. ते काम माझ्याकडून काढून घेतलं, पण आधी हे निस्तरून दे असं सर म्हणाले.

निस्तरायचं म्हणजे, पहिली गोष्ट, मशीन पूर्ववत करायचं. ते लगेच झालं. दुसरी गोष्ट अवघड होती. कोणाच्या ऑर्डरी गेल्या हे कळायला काही मार्ग नव्हता, कारण त्या कुठे उतरल्याच नव्हत्या. तेव्हा एकेका दुकानदाराला फोन करून विचारणं एवढंच उरलं. शेठजींनी मला गादीवर जागा दिली, आणि मी तिथे बसून फोन लावत राहिले. काही जण हसले, काहींनी शिव्या दिल्या. उमरेडकडच्या एका गावातल्या बाई होत्या. त्या चारचौघी बायकांना घेऊन शाळेचे गणवेश शिवायच्या. त्यांना मी झालेलं सगळं सांगितलं.

त्या जराही चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "पण तुमच्या मोबाइलनं त हो म्हटलं होतं नं मॅडम. म्हून आमी दुसरीकडे कापड पाहिलंच नाही."

"हो, म्हटलं होतं," मी म्हणाले.

"आता शाळेनं रेडिमेड आणले. राहू द्या."

शेठजींनी त्यांना कापड लगेच पाठवतो म्हणून सांगितलं, पण त्यांना ते आता कशाला लागणार? त्या वर्षाचं त्यांचं काम गेलं ते गेलंच. मी फोन ठेवला आणि बराच वेळ पुढचा नंबर लावला नाही. शेठजींनी ते पाहिलं असावं. त्यांनी चहा मागवला आणि माझ्यासमोर येऊन बसले.

"एक बात सांगू का मॅडम? त्या दिवशी डेमोत मी होतो नं. मशीन धीमी चालून राहिली होती, पुण्याचे लोक हातातली घडी पाहायले लागले. तुमचे सर तुमच्या मैत्रिणीला बाजूला घेऊन आले, इथंच, ह्या खांबाजवळ. म्हणे, काहीपण कर, फास्ट दाखव. ती म्हणे, सर, एक गोष्ट बंद केली तर होते, पण लाइट गेली तर ऑर्डरी जाईन. तर सर म्हणे, मागचं मागं पाहू."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. "म्हणजे सरांना माहीत होतं?"

"मला वाटलं तुम्हालाबी माहीत असन."

"मग मीटिंगमध्ये तुम्ही बोलला का नाही?"

शेठजींनी बशीत चहा ओतला. त्यांना वाईट वाटत होतं, हे खोटं नाही. "मॅडम, तो तुमच्या घरचा मामला. मले माहं काम करून पाहिजे होतं. साहेबाले नाराज करून मी कोणाजवळ जाऊ?"

फोन मी सगळे पूर्ण केले. मधूनच सोडून द्यावंसं वाटलं, पण समोरच्या दुकानदारांनी माझं काही वाकडं केलं नव्हतं. मग एक दिवस शेठजींच्याच हाताने मशीनची वायर ओढवून दाखवली, ऑर्डरी शाबूत राहतात याची त्यांची खात्री पटवली आणि ऑफिसात सरांच्या केबिनमध्ये गेले.

सरांनी काही नाकारलं नाही. त्याचाच मला जास्त धक्का बसला. "तुझी चूक नाही, मला माहीत आहे," ते म्हणाले. "पण पुण्याच्या कामाला ती जाणार आहे. ते लोक तिला ओळखतात. तिचं नाव खराब झालं तर काम जाईल, आणि काम गेलं तर सगळ्यांचंच नुकसान. तू समजदार आहेस."

मी राजीनामा दिला. त्यांनी फारसा आग्रह केला नाही.

त्यानंतर थोड्या दिवसांनी काकूंचा फोन आला. "काहून येत नाहीस वं? हिचं पुण्याचं ठरलं, तुले माहीत नाही का? जेवायले ये." त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं आणि मला नाही म्हणता आलं नाही. प्रताप नगरातल्या त्या घरी मी गेले. काकूंनी आग्रह करकरून वाढलं. ती माझ्यासमोर बसून जेवली, मध्ये मध्ये मला पोळी लागते का विचारत. निघताना ती फाटकापर्यंत सोडायला आली.

"सरांनी सांगितलं होतं का तुला, माझं नाव घे म्हणून?" मी विचारलं.

"असं नाही म्हटलं. म्हणाले, दोघींतल्या एकीचीच नोकरी राहीन." फाटकाच्या कडीशी ती चाळा करत होती. "तू हुशार आहेस वं. तुले कुठंबी नोकरी भेटन. मले कोण देईन? माह्यं बोलण्यावरच चाललं आतापर्यंत, तुलेच माहीत आहे."

"हे सगळं तू मला सांगितलं असतं तर कदाचित मीच गप्प राहिले असते."

कडीवरचा तिचा हात थांबला.

"मग टपरीवर 'मी सांगतो' काहून म्हटलं? तेव्हा तर मी काहीच मागत नव्हते."

तिने वर पाहिलं. त्या क्षणी तरी ती खोटं बोलली नाही. "नाही म्हटलं असतं तर तू तशीच सरांकडे गेली असती. सगळ्यांसमोर बोलली असती. सर म्हणाले होते, तिला उद्यापर्यंत थांबव."

म्हणजे टपरीवर यायच्या आधीच ते दोघं बोललेले होते. तिचं रडणं खरं होतं की नाही, मला आजही ठरवता येत नाही. खरं असावं, असं वाटतं. खरंखुरं रडत असतानाच ती मला थांबवत होती. आणि मी तिच्या डोळ्यांना रुमाल लावत होते.

आतून काकूंनी हाक मारली, "जाऊन राहिली का? डबा भरला, घेऊन जा." मी डबा घेतला आणि गाडी काढली.

आता मी बुटीबोरीला एका कारखान्यात काम करते. तिथल्या वेगवेगळ्या यंत्रणा एकमेकींना निरोप पाठवतात, ते निरोप हरवू नयेत हे बघणं माझ्याकडे आहे. काम चांगलं आहे, माणसं चांगली आहेत. एखादं सेटिंग कोणी बदललं असं सांगितलं की मी स्वतः जाऊन पाहते, आणि सहकाऱ्यांना ते आवडत नाही, हे मला कळतं. शेठजींचं दुकान त्याच यंत्रणेवर नीट चालू आहे, असं ऐकते. ती पुण्यात आहे. सरांचा मला आता राग येत नाही. ते सर होते, त्यांनी धंदा पाहिला.

पण तिचं तसं होत नाही. झालेल्या त्या एका गोष्टीपेक्षा, त्याच्याआधीची सगळी वर्षं हातातून गेली याचा त्रास जास्त आहे. कुठलीही जुनी आठवण आली की मी ती उलटीपालटी करून पाहते. शेवटच्या वर्षी तोंडी परीक्षेला ती माझ्या आधी आत गेली होती. बाहेर येऊन तिने मला भराभर सांगितलं, ते नेटवर्कवर विचारून राहिले, दुसरं काहीच नाही. मी दारात उभी राहून तेवढंच घोकलं. आत गेले तर परीक्षकांनी नेटवर्कचं नावही काढलं नाही. मला काही आलं नाही. बाहेर येऊन आम्ही दोघी पोट धरून हसलो होतो.

परीक्षकांनी प्रश्न बदलले असतील. नक्कीच तसंच असेल.